फ्रोझन पूल्ड प्लाझ्मा घ्यावा का? कोॲग बेंचवरून माझा अनुभव

मागच्या आठवड्यात जुन्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्या हॉस्पिटलने नवीन कोॲग मशीन, म्हणजे रक्त गोठण्याच्या टेस्टचं मशीन, घेतलंय आणि पर्चेसवाल्यांनी तिलाच विचारलंय की नॉर्मल प्लाझ्मा कुठला मागवायचा, फ्रोझन, पावडरवाला, का आपणच बनवायचा. पाऊण तास बोलले तरी अर्धंच सांगून झालं, मग म्हटलं लिहूनच टाकावं, बाकीच्यांच्या पण उपयोगी पडेल. मी मिरजेकडची, चौदा वर्षं लॅबमध्ये आहे, त्यातली नऊ कोॲग बेंचवर, आणि हे तिन्ही प्रकार स्वतःच्या हाताने वापरलेत. कंपनीचं आणि डिस्ट्रिब्युटरचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका, कारण माझी तक्रार आहे ती बाटलीतल्या मालाबद्दल कमी आणि तो माल माझ्यापर्यंत कसा येतो त्याबद्दल जास्त आहे.

ज्यांना हे काय प्रकरण आहे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑपरेशनच्या आधी पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या टेस्ट करायला सांगतात ना, निळ्या टोपणाची ट्यूब, त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, ते रक्त गोठू देत नाही. ते सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवून वर जो पिवळसर पाणीदार भाग येतो तो प्लाझ्मा, त्यात रिएजंट आणि कॅल्शियम घालायचं आणि किती सेकंदात गुठळी होते ते मोजायचं. आमच्याकडे नॉर्मल माणसाचा एपीटीटी साधारण तीस सेकंदांच्या आसपास येतो. एखाद्याचा नव्वद आला तर दोन शक्यता, एकतर त्याच्या रक्तात काहीतरी कमी आहे, नाहीतर काहीतरी जास्तीचं आहे जे गोठण्याला आडवं येतंय. आता हे कसं ओळखायचं? तर त्याच्या प्लाझ्मात धडधाकट माणसांचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि परत टेस्ट लावायची. वेळ नॉर्मलला आली तर कमी होतं ते भरून निघालं, म्हणजे फॅक्टर डेफिशियन्सी (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, त्यांना नंबर असतात). नाही आली तर त्याच्यातलं आडवं येणारं आपल्या चांगल्या प्लाझ्मालाही नडलं, म्हणजे इनहिबिटर. याला मिक्सिंग स्टडी म्हणतात आणि ती अख्खी त्या धडधाकट माणसांच्या प्लाझ्मावर उभी असते. तोच गंडलेला असेल तर कितीही लाखांचं मशीन असू दे, उत्तर चुकणार.

ही आयडिया काय आजची नाही. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला डॉ. पाव्हलोव्स्कींनी १९४० च्या दशकातच बघितलं होतं की हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मापासून रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, दोन पेशंटचं रक्त एकमेकांत मिसळलं तर कधीकधी दोघांचंही दुरुस्त होतं. दोघंही आजारी आणि मिसळल्यावर बरं! त्याचा अर्थ पुढे लागला, एकाला फॅक्टर एट नव्हता आणि दुसऱ्याला नाइन. त्या फॅक्टर नाइनच्या आजाराला ख्रिसमस डिसीज म्हणतात ते सणावरून नाही, स्टीफन ख्रिसमस नावाच्या मुलावरून, १९५२ साली. मी कॉलेजात असताना हे ऐकलं तेव्हा वाटलं सर चेष्टा करतायत.

तर आता एकेक प्रकार.

पहिला घरचा पूल, म्हणजे बऱ्याच धडधाकट माणसांचा प्लाझ्मा आपणच एकत्र केलेला. आम्ही सुरुवातीला हाच वापरायचो आणि खोटं कशाला बोलू, नीट केला तर झकास चालतो. किमान वीस जण हवेत, बायका-पुरुष दोन्ही, कुणी रक्त पातळ होण्याची गोळी घेणारं नको, गर्भनिरोधक गोळीवालं नको, गरोदर नको, ताप-सर्दीवालं नको. जिने पळत चढून आलेल्याचं तर लगेच घेऊच नका, धापा टाकणाऱ्याचा फॅक्टर एट चढलेला असतो. सगळे ओ ग्रुपचे पण नकोत, ओ वाल्यांमध्ये व्हॉन विलेब्रांड फॅक्टर, फॅक्टर एटला सांभाळणारं प्रथिन, मुळातच कमी असतो. आता एवढे नियम लावून वीस माणसं गोळा करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला वाढपी शोधण्यासारखं, असतात सगळीकडे पण वेळेला एक सापडत नाही. बिलिंग, रेकॉर्ड रूम, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळ्यांना चहा-बिस्किटावर पटवून आणायचो. चहा-बिस्किटच, पैसे नाही, आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे आणि ते बरंच आहे. अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे देतात, तिकडे हा मोठा धंदाच आहे.

अशाच एका पूलच्या वेळी गंमत झाली. पूल करायच्या आधी प्रत्येकाचा पीटी-एपीटीटी वेगवेगळा करायचा असतो, बऱ्याच लॅब ही पायरी गाळतात. आमच्या अकाउंट्समधल्या एका दादांचा एपीटीटी आला एकाहत्तर. मला वाटलं सॅम्पल शॉर्ट असेल, परत घेतलं, सत्तर. माणूस ठणठणीत, दोन दाढा काढलेल्या, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, कधी जास्त रक्त गेलं नाही. मिक्स केलं तर नॉर्मल. मोठ्या लॅबला पाठवलं तर फॅक्टर ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. आता ट्वेल्व्ह नसला तर टेस्टट्यूबमध्ये रक्त लवकर गोठत नाही पण अंगात सगळं सुरळीत चालतं, विचित्रच आहे. या फॅक्टरला हेगमन फॅक्टर पण म्हणतात, जॉन हेगमन म्हणून अमेरिकेत रेल्वेत ब्रेकमन होते, ऑपरेशनच्या आधीच्या साध्या तपासणीत सापडलं, रक्तस्रावाचा त्रास काही नव्हता, १९५५ साली त्यांच्यावर पेपर आला. आणि १९६८ मध्ये ते गेले ते कशाने, तर पडून कंबरेचं हाड मोडलं आणि मग फुप्फुसात गुठळी अडकली म्हणून. ट्यूबमध्ये गुठळी लवकर होत नाही असा माणूस गुठळीनेच गेला. आमच्या दादांना मी हे शेवटचं सांगितलं नाही. ते आता ऑफिसात सगळ्यांना सांगतात की माझं रक्त स्पेशल आहे, पूलमध्ये चालत नाही.

ही झाली गंमत. आता घरच्या पूलने आम्हाला कसं तोंडघशी पाडलं ते ऐका, कारण मी फ्रोझनकडे वळले ते त्यामुळेच. प्लाझ्मा फ्रीज करायचा असेल तर तो दोनदा फिरवावा लागतो, १५०० जी ला पंधरा मिनिटं, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने हळूच काढायचा, खालच्या पांढऱ्या थराला न शिवता थोडा सोडून द्यायचा, आणि तो परत पंधरा मिनिटं. प्लेटलेट्स मायक्रोलिटरला दहा हजाराच्या खाली यायला हव्यात. त्या वेळी एक नवीन मुलगा लागला होता, त्याने एकदाच फिरवला, तेही १५०० आरपीएमवर. जी आणि आरपीएम एक नव्हे रे बाबा, जी म्हणजे फिरवण्याची ताकद, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे, सेंट्रीफ्यूजच्या रोटरवर ते बदलतं, पण आरपीएम काय आणि जी काय, बटणावर आकडा दिसला की झालं. दिसायला प्लाझ्मा अगदी स्वच्छ. गोठवला, महिनाभर वापरला, कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली तपासणीची सॅम्पलं, सगळे रेंजमध्ये, त्यांचा रोजचा एल-जे चार्ट सरळ रेषेत, आम्ही खूश.

मग एक बाई आल्या, तीन वेळा गर्भपात झालेला, डॉक्टरांनी ल्युपस अँटिकोॲग्युलंट, एक प्रकारचा इनहिबिटर, बघायला सांगितलं. एपीटीटी लांबलेला होता पण मिक्स केल्यावर जवळजवळ दुरुस्त झाला. आम्ही ल्युपस अँटिकोॲग्युलंट नाही असा रिपोर्ट द्यायच्या तयारीत. आमच्या मॅडमना खटकलं, त्या म्हणाल्या हिस्टरी बघ आणि रिपोर्ट बघ, बसतंय का? दुसऱ्या लॅबमधून पावडरवाला प्लाझ्मा उसना आणून परत केलं तर मिक्स अजिबात दुरुस्त होईना. झालं असं होतं की पूलमध्ये राहिलेल्या प्लेटलेट्स गोठवताना-वितळताना फुटल्या, त्यातलं फॉस्फोलिपिड बाहेर पडलं, आणि ल्युपसवाली अँटिबॉडी त्या फॉस्फोलिपिडलाच जाऊन चिकटते, म्हणजे आमच्या पूलने ती सगळी शोषून घेतली आणि बाईंचं रक्त नॉर्मल असल्याचं नाटक केलं. क्यूसी कंट्रोलला हे कळणार कसं, त्यांच्यात ल्युपस नसतोच. त्या रात्री मला झोप लागली नाही, महिनाभरात अजून किती जणांचं असं गेलं असेल म्हणून जुनी रजिस्टरं काढून बसले. चार मिक्सिंग झाली होती, चौघांना परत बोलावून घेतलं, तिघं आले.

तर घरचा पूल स्वस्त आहे, चांगला होऊ शकतो, पण त्याची गॅरंटी म्हणजे तुमच्याकडच्या सगळ्यात नवीन पोराची गॅरंटी.

दुसरा पावडरवाला, म्हणजे लायोफिलाइज्ड. यावर फार लिहिण्यासारखं नाही. साध्या फ्रीजमध्ये दोन ते आठवर राहतो, कुरियर दोन दिवस उशिरा आलं तरी फारसं बिघडत नाही, छोट्या लॅबला हाच बरा. एक एमएल डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हळू गोल फिरवायचं, अर्धा तास गप ठेवायचं. हलवायचं नाही! आमच्याकडे एकजण खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतात तसं हलवायचा, सगळा फेस. आणि पाणी नेमकं एक एमएल, चांगल्या पिपेटने, इथे थोडंसं इकडेतिकडे झालं की दिवसभराचे सगळे रिझल्ट तेवढेच वाकडे येतात. तोटा एवढाच की त्यात बफर-स्टॅबिलायझर असतात आणि प्लाझ्मा किंचित गढूळ दिसतो, आमचं जुनं ऑप्टिकल मशीन त्यावरून कधीकधी कुरकुर करायचं. रोजच्या कंट्रोलला आणि अडीनडीला ठीक. ल्युपसच्या मिक्सिंगला माझं मन मात्र फ्रोझनवरच बसतं.

आता फ्रोझन. पहिल्यांदा बॉक्स आला तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो होतो, थर्माकोलचा जाड डबा, आत ड्राय आइस, धूर निघतोय, मधोमध छोट्या छोट्या व्हायल, एक-एक एमएलच्या. इन्सर्टमध्ये, म्हणजे आतल्या माहितीपत्रकात, सगळं लिहिलेलं, किती डोनरचा पूल आहे, प्रत्येक फॅक्टर किती टक्के, एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, सी निगेटिव्ह, आणि तरीही इन्फेक्शस समजूनच हाताळा अशी ताकीद. ही ताकीद काही उगाच नाही, १९८० च्या दशकात डोनरांच्या प्लाझ्मापासून केलेल्या फॅक्टरच्या औषधांतून हजारो हिमोफिलियावाल्यांना एचआयव्ही झाला, या धंद्यात ती गोष्ट कुणी विसरलेलं नाही. ग्लोव्हज घाला, एवढंच.

वापरायला सोपा आहे. सदतीस डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये चार-पाच मिनिटं, हळूच दोनतीनदा उलटासुलटा, झालं. बेंचवर ठेवून आपोआप वितळू द्यायचा नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच, कारण थंडीत सावकाश वितळला की तळाशी पांढरा चिकट साका बसतो आणि त्या साक्यात फॅक्टर एट, फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रांड सगळं जाऊन बसतं. याच साक्याचा उपयोग करून ज्युडिथ पूल बाईंनी १९६४ साली क्रायोप्रेसिपिटेट काढलं, हिमोफिलियाच्या पेशंटना तेव्हा तो मोठाच आधार झाला. आडनाव पण पूल, काय योगायोग. पण पेशंटला जे वरदान ते आमच्या व्हायलमध्ये शाप, वरवरचा प्लाझ्मा ओढून घेतला तर तुमच्या नॉर्मल प्लाझ्मात फॅक्टर एट कमी आणि तुम्ही मिक्सिंग करताय हिमोफिलियाचं. वितळल्यावर आमच्या इन्सर्टप्रमाणे थंडीत आठ तास चालतो, पण मी फॅक्टर एटसाठी चार तासांपुढे जात नाही, हा माझा स्वभाव. उरलेला परत गोठवायचा मोह होतो, व्हायलची किंमत बघून तर फारच होतो, पण नाही म्हणजे नाही.

रिझल्ट म्हणाल तर मला याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. तीन वर्षांत तीन लॉट, तिन्हींचा एपीटीटी एकमेकांपासून एका सेकंदाच्या आत. लॉट बदलताना जुना-नवा आठवडाभर समांतर चालवते. जाता जाता एक सांगते, कितीतरी लॅब पूल्ड प्लाझ्माचा किंवा कंट्रोलचा पीटी घेऊन तोच एमएनपीटी म्हणून मशीनमध्ये टाकतात आणि त्यावर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, काढतात. असं करू नका हो. एमएनपीटी म्हणजे किमान वीस नॉर्मल माणसांच्या पीटीचा जिओमेट्रिक मीन, तुमच्या मशीनवर, तुमच्या रिएजंटवर. वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, घेणारा माणूस त्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करतो.

आता तक्रार. माल उत्तम, वाट वाईट. उणे सत्तरचा माल मुंबईहून निघतो तेव्हा ड्राय आइस भरपूर असतो, पण आमच्यापर्यंत यायला किती वेळ लागेल हे देव जाणे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी बॉक्स शुक्रवारी निघाला, शनिवारी यायला हवा होता, सोमवारी संध्याकाळी आला. उघडला तर ड्राय आइसचा पत्ता नाही, नुसता डबा. कुरियरवाल्या पोराला म्हटलं, अरे हे वितळलंय. तो म्हणतो, "मॅडम, गारच आहे की, हात लावून बघा." गार होतं हो, फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीएवढं गार. डिस्ट्रिब्युटरला फोन लावला तर ते म्हणे परत डीप फ्रीजरला टाका, काही होत नाही. फोनवर काही होत नाही म्हणणाऱ्याचं काय जातं! मी बॉक्स घेतलाच नाही, सही न करता परत पाठवला, त्यावरून दीड महिना मेलामेली चालली आणि शेवटी मॅडमनी आवाज चढवला तेव्हा बदली माल आला, तोही एक्सपायरीला चार महिने उरलेला.

तेव्हापासून माझी एक खूण आहे, सगळ्यांनी लक्षात ठेवा. व्हायल उभी ठेवून गोठवलेली असेल तर आतल्या बर्फाची वरची पातळी सरळ असते. वाटेत वितळून कुणीतरी परत गोठवली असेल, आणि वाटेत बॉक्स कधी उभा राहतोय, तर ती पातळी तिरकी दिसते, नाहीतर टोपणाला आतून प्लाझ्मा गोठून चिकटलेला असतो. तिरकी दिसली की परत. एकदा मी बारापैकी तीन व्हायल अशा काढल्या, डिस्ट्रिब्युटरच्या माणसाला फोटो पाठवले, त्याने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" घरी मटार गोठवते त्यावरून शिकले, अजून काय.

आणि तुमच्याकडे उणे सत्तरचा डीप फ्रीजर नसेल तर हा माल घेऊच नका. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवणारे मी बघितलेत, तो फ्रीज बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच गरम होतो, म्हणजे प्लाझ्मा रोज थोडा वितळतो, थोडा गोठतो. लाईट गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत लागतो ते पण बघा. आमच्याकडे मावशी रोज सकाळी फ्रीजरचं टेंपरेचर वहीत लिहितात, एकदा उणे एकेचाळीस दिसलं तर पळत माझ्याकडे आल्या, गॅस्केट सुटलं होतं. त्यांच्यामुळे पाच आकडी माल वाचला.

आता दुसरं प्रॉडक्ट, फॅक्टर एट डेफिशियंट प्लाझ्मा. हे समजायला थोडं अवघड आहे पण मला यातच जास्त रस. समजा मीठ सोडून सगळं घातलेली आमटी आहे. त्यात पेशंटच्या प्लाझ्माचा एक चमचा घातला तर जेवढा खारटपणा येईल तेवढंच त्याच्याकडचं मीठ, कारण बाकी सगळं आमटीत आधीच आहे. डेफिशियंट प्लाझ्मा म्हणजे ही अळणी आमटी, फॅक्टर एट एक टक्क्याच्या खाली आणि बाकी सगळे फॅक्टर जागच्या जागी. त्यात पेशंटचा प्लाझ्मा पातळ करून घालायचा, एपीटीटी लावायचा आणि कर्व्हवरून टक्के काढायचे.

ही अळणी आमटी पूर्वी कुठून यायची, तर खऱ्याखुऱ्या हिमोफिलियाच्या पेशंटकडून. त्यांनीच दिलेला प्लाझ्मा. ज्याच्या रक्तात फॅक्टर नाही त्याच्याच रक्ताने दुसऱ्याचा फॅक्टर मोजायचा. अजूनही परदेशात असा माल मिळतो आणि जुनी माणसं त्याची शपथ घेतात. पण तसे डोनर आता मिळणं अवघड, कारण चांगली ट्रीटमेंट मिळते तिथे बहुतेक जण नियमित फॅक्टर घेतात, आणि २०१७ पासून एमिसिझुमॅब आलंय. ते इंजेक्शन फॅक्टर एटचं काम स्वतःच करतं, नाइनला आणि टेनला एकत्र आणून, आणि ते अंगात असेल तर एपीटीटी नॉर्मलच्या पण खाली येतो. म्हणजे हिमोफिलियाच्या माणसाचा प्लाझ्मा असूनही अळणी नाही. पेशंटसाठी केवढी चांगली गोष्ट आहे ही, आमच्या बाटलीचं काय व्हायचं ते होऊ दे. म्हणून आता बराचसा माल इम्युनोडिप्लिटेड असतो, नॉर्मल डोनरांच्या प्लाझ्मातून अँटिबॉडी लावून फॅक्टर एट काढून टाकलेला. घेताना एक विचारा, व्हॉन विलेब्रांड फॅक्टर आत शाबूत आहे का? तो पण सोबत निघून गेला असेल तर इनहिबिटरच्या टायटरमध्ये, म्हणजे तो किती आहे त्या आकड्यात, फरक पडतो. आमच्या आधीच्या मालाच्या इन्सर्टमध्ये याचा उल्लेखच नव्हता, फोन केला तर सेल्सवाल्याला प्रश्नच कळेना.

मागच्या पावसाळ्यात एक सात वर्षांचा मुलगा आला, गुडघा टम्म सुजलेला, शाळेत बाकावरून उतरताना नुसता टेकला म्हणे. सोबत आई. सिस्टर सुई घ्यायला लागल्या तर आईच म्हणाली, "जपून हं, माझ्या भावाचं पण असंच रक्त थांबायचं नाही." तेवढं ऐकलं आणि अर्धं निदान तिथेच झालं, हा आजार आईकडून येतो, मामाला असतो, भाच्याला होतो. एपीटीटी ब्याण्णव. फ्रोझनबरोबर मिक्स केलं तर बत्तीस. सदतीस डिग्रीला दोन तास ठेवून परत केलं, तरी नॉर्मललाच. मग डेफिशियंट प्लाझ्मावर फॅक्टर एट, एक टक्क्याच्या खाली. तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून लावलं, तिन्हीकडे तेच. संध्याकाळी सहाच्या आत रिपोर्ट हातात, रात्री त्याला फॅक्टर मिळाला. अशा दिवशी व्हायलची किंमत आठवत नाही.

ते दोन तास ठेवणं टाळू नका. त्यानंतर महिन्याभरात एक आजोबा आले, सत्तरीचे, आयुष्यात कधी काही नाही आणि अचानक हातापायावर वांग्यासारखे काळेनिळे डाग. त्यांचं ताजं मिक्स छान दुरुस्त दिसलं, नवशिक्याने डेफिशियन्सी म्हणून सोडून दिलं असतं. दोन तासांनी त्याच मिक्सचा एपीटीटी परत अडुसष्टवर. फॅक्टर एटविरुद्धची अँटिबॉडी अशी सावकाश काम करते, ल्युपससारखी लगेच नाही. सोबत नॉर्मल प्लाझ्मा एकटा पण दोन तास ठेवायचा असतो, कारण फॅक्टर एट नुसता बसूनही थोडा उतरतो, मग दोष कुणाचा ते कळत नाही. पुढे बेथेस्डा, म्हणजे इनहिबिटर किती आहे ते मोजणारी टेस्ट, लावायला आमच्याकडे सोय नाही, मुंबईला पाठवलं, परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, अशा केसेस तिकडे जातात.

ल्युपस पॉझिटिव्ह कंट्रोलबद्दल एवढंच, तोही माणसाचाच प्लाझ्मा, ज्यांच्या रक्तात ती अँटिबॉडी आहे अशा डोनरांचा, आणि तो रोजच्या रोज लावा, महिन्यातून एकदा नाही. आमची ती महिनाभराची चूक या एका व्हायलने पहिल्या दिवशी पकडली असती. आणि ही टेस्ट ज्या रिएजंटवर चालते ते घोणसीचं विष असतं बरं का, डायल्यूट रसेल्स व्हायपर व्हेनम. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसात घोणस चावलेले पेशंट येतात, साध्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन वीस मिनिटं गोठतंय का बघत आम्ही घड्याळ लावून बसतो, आणि शेजारच्या बेंचवर त्याच सापाचं विष बाटलीत. पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तर मैत्रिणीला काय सांगितलं? दिवसाला दोनचार पीटी असतील आणि डीप फ्रीजर नसेल तर पावडर घे, गप्प बस. महिन्याला दहाएक मिक्सिंग होत असतील, फ्रीजर असेल, फ्रीजरवर नजर ठेवणारं माणूस असेल तर फ्रोझन घे, त्याला माझे पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वाटेचा. डेफिशियंट प्लाझ्माला चार, इन्सर्ट नीट लिहीपर्यंत. घरच्या पूलला आकडा देत नाही. ऑर्डर देताना लिहून घ्या की माल सोमवारी निघेल, शुक्रवारी नाही, आणि एक्सपायरीला वर्ष उरलेलं हवं. बॉक्स उघडताना फोनवर व्हिडिओ काढा, सगळी भांडणं तिथेच मिटतात.

आमचा पुढचा लॉट याच मंगळवारी येतोय. टॉर्च काढून ठेवलाय, पातळ्या बघायला.